नीलाबाईच्या पार्टीतली गिटार

१७ ऑक्टोबर, नागभीड

काल चंद्रपूरला दीक्षाभूमीच्या गर्दीत वाजवलं. पार्टी तीच: गायला नीलाबाई मेश्राम, ढोलकीवर धम्मदीपभाऊ, कोरसला दोघी बहिणी आणि गिटारवर मी. आठ वर्षं झाली मला या पार्टीत, तरी दर कार्यक्रमात कोणीतरी विचारतंच की भीमगीतात ही गिटार कशाला. काल एका काकांनी हटकलं, पेटी काऊन नाही आणली म्हणून. मी म्हटलं, पेटीचा सूर वाकत नाही काका, हिचा वाकतो. त्यांना पटलं नाही. न पटो.

मला खटकलं ते वेगळंच. नीलाबाईंनी गाण्याची दोनच कडवी म्हटली आणि उरलेल्या जागी माझ्याकडे हात केला, वाजव म्हणून. आधी ठरलं नव्हतं, काही नाही. मी जे सुचलं ते वाजवलं. खाली उतरल्यावर विचारलं तर म्हणाल्या, आयता मौका भेटला तरी तोंड पाडून राह्यली. हल्ली हे असंच चाललंय. साठी उलटली आहे, आळस येत असेल. ज्येष्ठमधाची काडी मात्र दिवसभर गालात.

२४ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीने बल्लारशाला, प्रभुदास अंकलकडे. महिन्यातून एकदा तरी जाते. गेलं नाही तर बोटं गंजतात.

बाबा तिथे रेल्वेत पॉइंट्समन असताना अंकल शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मालगाडीचे गार्ड होते. भिंतीपलीकडून एक आवाज यायचा, माणूस रडतोय की भांडतोय ते कळायचं नाही. मी शाळेत होते. एक दिवस जाऊन सरळ दार वाजवलं. अंकल बनियनवर बसले होते, मांडीवर गिटार, करंगळीत पितळी नळी, आणि ती नळी तारांवरून घसरवत होते. त्यांना हे शिकवलं नागपूरच्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने, आणि तो शिकला अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या रेकॉर्डी ऐकून. कापसाच्या शेतातून आलेली गाणी. ब्लूज. अंकलनी त्या दिवशी त्यांच्या तेलुगू-हिंदी-मराठीत सांगितलं, एक ओळ बोल, वही फिर से बोल, आणि तिसऱ्या ओळीत जाब दे.

पुढे हे मी नीलाबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. म्हणाल्या, "धानाचा रोवणा करताना आमी बाया आणखी काय करत होतो?" आणि तिथल्या तिथे चिखलात उभं राहून म्हणायचं एक गाणं ऐकवलं. खरंच तीन ओळींचं. त्या दिवशी मी त्यांच्या पार्टीत गेले.

दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. अंकल विचारतात, तेरी वो बाई कैसी है. नीलाबाई विचारतात, तुहा तो पादरी काय म्हणते. ते नुसते चर्चला जातात, पादरी नाहीत, हे सांगून मी थकले.

३० ऑक्टोबर

रिहर्सल रद्द. नीलाबाई चंद्रपूरला गेल्या, दातासाठी. या महिन्यातली तिसरी खेप. एवढे दात तरी कुठे राहिलेत त्यांच्या तोंडात. मी एकटीच वाजवत बसले. माय म्हणाली, शेजारच्या बाईचं बाळ निजलंय, जरा हळू. मी म्हटलं, त्या बाळालाही कळू दे.

५ नोव्हेंबर

आज फोन आला आणि मी स्वयंपाकघरात खालीच बसले. चंद्रपूरचा जानेवारीतला मोठा संगीत महोत्सव. दरवर्षी मी तिथे तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसते. यंदा मंचावर. एकटीचं नाव, पाऊण तास, ब्लूज गिटार. संस्थेचे सचिव राजदीप वाळके स्वतः बोलले. म्हणाले, "तुमच्या गुरूंनी आमचा पिच्छाच पुरवला. तीनदा ऑफिस गाठलं, मोबाइलवर तुमचं वाजवणं ऐकवलं. आमच्याकडे दुसरा मार्गच ठेवला नाही."

लगेच बल्लारशाला फोन लावला. अंकल म्हणाले, मैंने कुछ नहीं किया, बेटा, मेरे तो घुटने ही नहीं चलते. मी रडतच आभार मानत राहिले, ते नाही नाही म्हणत राहिले. मोठी माणसं अशीच असतात. करतात आणि कानावर हात ठेवतात.

संध्याकाळी घरी जाऊन नीलाबाईंना सांगितलं तर नुसतं "बरं झालं" म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. आठ वर्षं ज्यांच्या मागे उभी राहिले त्यांच्याकडून मला एवढंच. मला वाटतं त्यांना ते सोसलं नाही.

११ नोव्हेंबर

राजदीप सरांना भेटून आले. आपल्यातलेच आहेत, इंजिनिअर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. चहा दिला, गिटारबद्दल बारीक विचारलं. मग मुद्द्यावर आले. वाजवणं हवं, गाणं नको. शब्दच नकोत. मी विचारलं काऊन. म्हणाले, समोर प्रायोजक असतात, पाहुणे असतात, मागे एका शाहिराच्या गाण्यावरून तक्रार झाली होती. नुसती गिटार वाजली तर कोणाला काही बोलता येत नाही. "आपलं माणूस एकदा त्या मंचावर चढू दे, दिव्यानी. पुढचं पुढच्या वर्षी बघू."

मी नीलाबाईंच्या गाण्याचं नाव काढलं. विहिरीचं गाणं. ते खाली बघत म्हणाले, तेच तर नको.

मी होय म्हणून आले. इथे खरं लिहिते: होय म्हणायला मला एक मिनिटही लागलं नाही. गाडीत मूल स्टेशन गेलं, सिंदेवाही गेलं, आणि मग राग आला. त्यांचा नाही, माझा.

१४ नोव्हेंबर

तळोधीला नीलाबाईंच्या घरी गेले. म्हटलं आता त्या भडकतील, मला शिव्या देतील, मग मी नकार कळवीन. सगळं आधीच मनात रचून गेले होते. विहिरीचं गाणं त्यांचं स्वतःचं, त्यांच्या मायवर लिहिलेलं. चार जिल्ह्यांत लोक ते म्हणतात:

बांधापल्याड उभी, पाणी मागे माही माय,
बांधापल्याड उभी, पाणी मागे माही माय,
आता विहीर माह्या दारी, सांग, तुले देऊ काय?

लहानपणी त्यांच्या मायला गावच्या विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. आता त्यांच्या अंगणात स्वतःची विहीर आहे आणि उन्हाळ्यात अर्धं गाव तिथे येतं, तेव्हा नाही म्हणणाऱ्यांची नातवंडंही. त्या सगळ्यांना पाणी देतात आणि गाणंही ऐकवतात.

हे गाणं चालणार नाही म्हणे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काय झालं? जाय ना. माहे शब्द काय सोन्याचे हायेत?" आवाज बसलेला, सर्दी झाल्यासारखा. मी म्हटलं, तुम्हाला काही वाटत नाही? तर म्हणाल्या, तू आता पार्टीत येऊ नको, सहा डिसेंबरलेही येऊ नको, घरी बसून सराव कर, आमचं आमी पाहून घेऊ.

म्हणजे मला काढलं. आठ वर्षांनी, तांदूळ निवडता निवडता. मी सायकल घेतली आणि निघाले. मागे वळून पाहिलं नाही. बघू, माझ्याशिवाय कसं गाते ती.

७ डिसेंबर

धम्मदीपभाऊ येऊन गेले. काल चामोर्शीला कार्यक्रम पडला, म्हणाले. नीलाबाईंनी दोनच गाणी म्हटली, बाकी वेळ बोलून काढला, उरलेलं कोरसच्या पोरींनी ओढलं. लोक विचारत होते, गिटारवाली कुठी हाय.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भाऊ निघताना दारात घुटमळले, काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, भाऊ, त्यांची बाजू मांडायला आला असाल तर नको. ते गेले.

२१ डिसेंबर, बल्लारशा

अंकलना काय वाजवायचं ते ऐकवलं. पहिले दोन तुकडे ठीक, म्हणाले. तिसरा काय? मी म्हटलं, ठरलं नाही. त्यांनी विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय येतं? मग न सांगताच मी विहिरीचं गाणं वाजवायला लागले, नळी लावून. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच थांबवलं. म्हणाले, तू सूर वाजवतेयस, बाई कुठे आहे? ती श्वास कुठे घेते, कुठे ओळ सोडून देते, ते वाजव. तिचा आवाज लाव.

मोबाइलवर आठ वर्षांची रेकॉर्डिंग आहेत. आम्ही दिवसभर तेच केलं. ती "माय" म्हणताना खालून उचलते आणि जागेवर पोचायच्या जरा आधी थांबते. ते जरासं अंतर मला कधी ऐकूच आलं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी होते. मघापासून त्यांना मी ती म्हणतेय. असो. अजून राग आहे.

शेवटी ऑक्टोबरचं रेकॉर्डिंग लावलं. अंकलनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग जुनं, मग परत नवं. विचारलं, डॉक्टर को दिखाया इसने? मी म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे जात असते. "दात नहीं है ये," म्हणाले. त्यांना मराठी गाण्यातलं तेवढं काय कळणार. रोवण्याच्या गाण्यात आवाज थोडा फाटतोच.

२ जानेवारी

बोटांना घट्टे पडलेत, त्यांच्यावर नवे घट्टे. आज एक विचार सारखा आला: मी आजवर कायम कोणाच्या तरी शब्दांमागे उभी राहून वाजवलं. शब्द काढून घेतल्यावर माझ्याजवळ काहीच निघालं नाही तर? मायला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, मग लोकांना तेवढंच कळेल, मरणार तर नाहीस. हे बरं आहे.

१२ जानेवारी

धम्मदीपभाऊंनी आज मला बोलूच दिलं नाही, त्यांनीच सांगितलं.

नीलाबाईंच्या घशात गाठ आहे. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं, नागपूरला जाऊन ऑपरेशन करा, गाणं बंद करा. ऑपरेशननंतर बोलता येईल, गाणं बहुतेक नाही. आणि त्या गात राहिल्या, दोन दोन कडवी, बाकी माझ्यावर टाकून. मला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती सगळ्यांना. महोत्सव होईपर्यंत.

मी तशीच तळोधीला गेले. त्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या, गळ्याला मफलर. मला पाहून हात केला, बस. बोलायची मनाई आहे. मी खूप बोलले, काय बोलले आठवत नाही, बहुतेक भांडलेच. सांगायचं काऊन नाही, मला काढायचं काऊन, मी काय परकी होते का. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी हवेसारखं पुटपुटल्या, "तू मले पाहून वाजवतं. मी पडली तर तू बी पडशील."

येताना एक गोष्ट डोक्यात आली. घशाचे डॉक्टर ब्रह्मपुरीला, मग चंद्रपूरला तीनदा कशाला जात होत्या? दातच असतील. एका माणसाला एका वेळी किती दुखणी.

राजदीप सरांना फोन केला आणि विचारलं, शब्द नकोत म्हणजे नेमकं काय? मी गायचं नाही, एवढंच ना? ते म्हणाले, तुम्ही एकही शब्द उच्चारायचा नाही. मी म्हटलं, ठरलं.

२६ जानेवारी

काल संध्याकाळी वाजवलं. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

पुढे सोफे, मग खुर्च्या, मागे सतरंज्या. नीलाबाई मागच्या खुर्च्यांत, शेजारी अंकल. धम्मदीपभाऊंनी दोघांना शेजारी बसवलं होतं. बोलायला एकीला मनाई आणि दुसऱ्याला अर्धी मराठी, पण मी पाहिलं तेव्हा नीलाबाईंच्या पदरातली ज्येष्ठमधाची काडी अंकल चघळत होते.

पहिल्या तुकड्यात माझी एक तार उतरली. मी थांबून ती लावली आणि पुन्हा सुरुवात केली. सोफ्यावरचा एकजण हसला. हसू दे. दुसरा तुकडा बरा झाला, टाळ्या पडल्या, कार्यक्रमपत्रिकेकडे बघत मारतात तशा.

तिसऱ्याला मी काही सांगितलं नाही. करंगळीत नळी घातली आणि पहिली ओळ लावली. बांधापल्याड उभी. ती श्वास घेते तिथे थांबले, "माय" खालून उचलली, पोचायच्या जरा आधी सोडली. तीच ओळ परत वाजवली. मागे सतरंजीवर कोणीतरी गुणगुणलं. तिसरी ओळ लावली, आणि ती पुरी व्हायच्या आधी मागून एका बाईचा आवाज आला, मोकळा, शेतात हाक मारतात तसा: सांग, तुले देऊ काय?

मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले. आता दहा-वीस जणी होत्या. मग मागे उभी वसतिगृहाची पोरं. मग खुर्च्या. मी एकही शब्द उच्चारला नाही, ओठ घट्ट मिटून ठेवले. सोफ्यावरून दोन पाहुणे उठून गेले. कोणीतरी माझा स्पीकर बारीक केला. केला तर केला, लोकांचा आवाज काही त्यांच्या मशीनमधून येत नव्हता. मी तशीच वाजवत राहिले, माझंच मला ऐकू येईना, आणि गाणं चालूच होतं.

राजदीप सर मंचाच्या कडेला पडद्याआड उभे होते. त्यांचे ओठ सारखे हलत होते. प्रायोजकांना फोनवर समजावत असतील बिचारे, पण हातात फोन दिसला नाही.

नीलाबाई गायल्या नाहीत. डॉक्टरांचं ऐकलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हाताने ठेका धरला होता. माझं बिघडलं की तो हात जोरात पडायचा. अंकल रडत होते.

खाली आल्यावर म्हटलं, अंकल, तुम्ही तीनदा चंद्रपूरला आला नसतात तर हे झालंच नसतं. अंकलनी नीलाबाईंकडे पाहिलं. त्या मफलर सारखा करत होत्या. अंकल म्हणाले, हां, हां, चलो चाय पिएंगे.

३ फेब्रुवारी, नागपूर

नीलाबाईंचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आवाजाचं डॉक्टरांनी आधी सांगितलं तेच सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले असताना राजदीप सरांचा फोन आला. समिती नाराज आहे. पुढच्या वर्षी माझं नाव येणार नाही, आणखी दोन ठिकाणी शिफारस जाणार होती तीही जाणार नाही. मी म्हटलं, सर, मी एक शब्दही बोलले नाही. ते म्हणाले, "तेच मी त्यांना सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं." आणि मग बाईंची तब्येत विचारली. मी सांगितली. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

वाईट वाटलं का? वाटलं. त्या मंचासाठी मी चौदा वर्षं बोटं सोलली. पण ज्या मंचावर अर्धंच जायला मिळतं तिथे पुन्हा पुन्हा गेलं तर उरलेलं अर्धं वाळून जातं. मला पुरं जायचंय. ती जागा नसेल तर सतरंजी टाकून करीन.

२१ फेब्रुवारी

काल चामोर्शीजवळच्या एका गावात रमाई जयंतीचा लांबलेला कार्यक्रम. पार्टीने ठरवलं, गायचं मी. मी नाही म्हटलं होतं. माझा आवाज पातळ आहे, वरच्या पट्टीत चिरतो, मला माहीत आहे. धम्मदीपभाऊ म्हणाले, मग बयाना परत कर आणि घरी बैस. मी गेले.

नीलाबाई आल्या. मांडवात पुढेच खुर्ची घेऊन बसल्या. मी माइकसमोर गिटार घेऊन उभी राहिले तर एक म्हातारा सरळ म्हणाला, गाणारी बाई कुठी हाय? मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, तू तर वाजवणारी. मी म्हटलं, आजपासून दोन्ही.

पहिलंच गाणं घसरलं. कोरसची धाकटी हसू दाबत होती. दुसरं जरा बरं. तिसऱ्याला, अगदी मधोमध, नीलाबाई उठल्या आणि मांडवाबाहेर निघून गेल्या. म्हटलं, ऐकवलं नाही त्यांना, आपलंच गाणं असं चिरलेलं. क्षणभर वाटलं गिटार खाली ठेवावी. मग चीड आली. त्यांनी उठून जावं, म्हाताऱ्याने नावं ठेवावी, समितीने यादीतून काढावं, आणि मी गप्प बसावं? मी डोळे मिटले आणि ओरडलेच जवळजवळ. आवाज फाटला. फाटलेला तसाच पुढे नेला, शेवटपर्यंत, अकरा गाणी.

नंतर गाडीत नीलाबाई माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझं कोपर ओढलं आणि कानाशी तोंड आणून त्यांच्या नव्या खरखरीत आवाजात म्हणाल्या,

"बेकार आवाज हाय तुहा. पन पार रस्त्यावरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू येते. मी चालत जाऊन पाह्यलं."